कानसेनचा पाचवा खटका

दुरुस्तीला आलेला अ‍ॅम्प्लिफायर कानसेन कधीही भिंतीकडे तोंड करून ठेवत नसत. त्याचं तोंड कायम खिडकीकडे. गिऱ्हाईक मागे उभं असलं तरी त्याच्याकडे पाठ करून ते गिटारचे तेच चार सूर छेडायचे, डोळे अर्धवट मिटायचे आणि खिडकीबाहेर कुठंतरी लांब बघत राहायचे. मग टेबलावरच्या छोट्या डबीची फिरकी एक खटका पुढे. पुन्हा चार सूर, पुन्हा खिडकी. पाचव्या खटक्याला त्यांची मान हळूच डोलायची आणि ते म्हणायचे, "हं. बसला."

गिऱ्हाईक थक्क. हा माणूस आवाज ऐकत नाही, आवाजाच्या पलीकडचं काहीतरी ऐकतो, असं ते बाहेर जाऊन दहा जणांना सांगायचं.

खिडकीच्या पलीकडे होतं काय? दोन पावलांचं अंगण, कपडे वाळत घालायची दोरी आणि समोर स्वयंपाकघराची खिडकी. त्या खिडकीत बसून कानसेनांची बायको शेंगा निवडायची.

तानसेन होता आलं नाही तर माणसानं निदान कानसेन व्हावं, असं म्हणतात. हे नाव त्यांना पंचविशीत एका बँडवाल्यानं दिलं आणि तेव्हा ते शंभर टक्के खरं होतं. दारात उभं राहून ते सांगायचे, तुमच्या डाव्या बाजूचा व्हॉल्व्ह म्हातारा झालाय. उघडून बघावं तर तसंच. पण तीस वर्षं माणूस चालू स्पीकरसमोर बसला की कानाचीही झीज होते आणि ती वरच्या टोकाकडून सुरू होते. खर्ज शाबूत राहतो. बारीक, धारदार आवाज आधी निरोप घेतात. पहिल्यांदा दारावरची घंटी गेली. मग गॅसवरच्या किटलीची शिट्टी. कानसेनांना वाटलं शिट्टीच बिघडली. दुरुस्ती करणाऱ्या माणसाच्या घरात बिघडलेली शिट्टी म्हणजे नाचक्की. म्हणून त्यांनी ती किटली तीनदा खोलली, तीनदा जोडली आणि शेवटी "भंगार माल आहे" असं जाहीर करून टाकून दिली. खरी गोष्ट त्यांच्या लक्षात आली ती पंधरा दिवसांनी. झाडावर बसलेली चिमणी चोच उघडून मिटत होती, उघडून मिटत होती, आणि आवाजाचा पत्ता नव्हता. चिमण्या काही कुणी खोलून जोडत नाही.

हे त्यांनी कुणालाच सांगितलं नाही. बायकोलाही नाही. कानसेनचे कान गेले, एवढी एक बातमी फुटली की त्यांच्या खोलीत धुळीशिवाय दुसरं काही येणार नव्हतं.

आता व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प म्हणजे काय, हे थोडं सांगायला हवं. एकाच पेटीत यंत्र आणि स्पीकर दोन्ही. वजन एवढं की उचलणाऱ्याला आधी आपली कंबर आठवते आणि मग गिटार. आत काचेचे व्हॉल्व्ह निखाऱ्यासारखे मंद लाल पेटतात. चॅनेल दोन. पहिला साधा: गिटार जशी वाजते तशी ऐकवणारा, सभ्य, घरंदाज. दुसरा गुरगुरणारा: त्यात आवाज मुद्दाम एवढा ठासून भरतात की तो फाटतो, आणि त्या फाटण्यावरच लोक जीव टाकतात. पायाखाली एक खटका असतो, तो दाबला की सभ्य माणसाचा एका क्षणात गुंड होतो. कसब सगळं या गुंडाला वळण लावण्यात. गुरगुरण्यात बारीक करकर जास्त राहिली तर आवाज कानात टाचणीसारखा जातो. जास्त गाळली तर गिटार गोधडीखालून वाजल्यासारखी वाटते. गाळायचं काम एक चिमूटभर कपॅसिटर करतो. कानसेनांच्या डबीत असे सहा होते, एकाहून एक जास्त गाळणारे. फिरकी फिरवायची, योग्य खटका सापडला की तेवढ्याच मापाचा कपॅसिटर आत कायमचा डकवायचा. पडद्यावर लाट दाखवणारं यंत्र त्यांच्याकडेही होतं. पण लाट गोड आहे की कडू, ते पडद्यावर दिसत नाही.

ते बायकोच्या चेहऱ्यावर दिसतं.

हा शोध कानसेनांना अपघातानं लागला. पहिल्या खटक्याला समोरची खिडकी धाडकन बंद झाली. दुसऱ्याला अर्धी उघडली. तिसऱ्याला कपाळावर आठी, चौथ्याला हातातली शेंग हातातच. पाचव्याला बोटं पुन्हा चालू. कानसेनांनी पाचवा डकवला. गिऱ्हाईक दुसऱ्या दिवशी पेढे घेतल्यासारखं तोंड करून आलं: "काका, मखमल आहे हो, मखमल." तेव्हापासून आठ वर्षं कानसेनांचा मखमली आवाज गाजत होता आणि बायकोला यातलं काहीच माहीत नाही, अशी त्यांची पक्की समजूत होती.

मग ती चार दिवस बहिणीकडे गेली.

नेमका त्याच आठवड्यात लंबूचा अ‍ॅम्प आला. लंबू म्हणजे सहा फूट तीन इंचांचा गिटारवाला. कुठल्याही दारातून आत येताना तो नमस्कार केल्यासारखा वाकायचा. चहा मिळणार नाही, काकू बहिणीकडे गेलीय, असं कानसेनांनी त्याला आधीच सांगून टाकलं. तक्रार अशी की दुसऱ्या चॅनेलवर व्हॉल्व्ह किणकिणतात. असे थरथरणारे व्हॉल्व्ह शांत करायला त्यांच्या कमरेला रबरी रिंग चढवतात. कानसेनांकडच्या रिंगा संपल्या होत्या. त्यांनी खोलीभर शोधलं, मग अंगण ओलांडून स्वयंपाकघरात शोधलं, आणि तिथं फडताळात काचेच्या तीन छोट्या बरण्या दिसल्या. कॉफी, मीठ आणि पिठीसाखर. झाकणांच्या आत सुरेख, मऊ, पांढऱ्या रिंगा. दुहेरी करून चढवल्या तर व्हॉल्व्हला अशा बसल्या, जणू मापानंच शिवल्या होत्या.

पुढचं काम होतं खटक्याचं. समोरची खिडकी रिकामी. कानसेनांनी स्वतःच्या कानावर भरवसा ठेवला. सहाव्याला काही नाही, पाचव्याला काही नाही, चौथ्याला अंधार. पहिल्या खटक्याला मात्र कुठंतरी लांबून थोडीशी चमक आल्यासारखी वाटली. त्यांनी पहिला डकवला. न्यायला आला लंबूचा ड्रमवाला मित्र, आणि ड्रमवाला कानानं कानसेनांच्याही पुढे गेलेला. "झकास," असं म्हणून तो पेटी घेऊन गेला.

बायको परत आली. कॉफीच्या बरणीत चमचा घातला तर चमचा वाकला. दमट हवेनं कॉफीची वीट झाली होती, मिठाचा दगड, पिठीसाखरेचा खडू.

"अहो, रिंगा कुठायत?"

"कुठल्या रिंगा?"

इथं कानसेन चुकले. सरळ सांगितलं असतं तर दहा मिनिटांचं भांडण होतं. ते म्हणाले, "झाकणं तू नीट लावली नसशील." त्या क्षणापासून घरात अबोला सुरू झाला.

बायकोचा अबोला म्हणजे गप्प बसणं नव्हे. ती बोलायची, फक्त कानसेनांशी नाही. फ्रिजशी बोलायची. "फ्रिजा, जेवण वाढलंय म्हणून सांग." "फ्रिजा, काही लोकांना चोरी पचते, कॉफी पचत नाही." फ्रिज अधूनमधून घरघर करून दुजोरा द्यायचा.

अबोल्याच्या तिसऱ्या दिवशी, सकाळी अकराला, लंबू दारात वाकला. या वेळी पेटी त्यानं स्वतः आणली होती.

"काका, हे काय करून ठेवलंत?"

"का रे? काय झालं?"

"काय झालं? पहिला चॅनेल ठीक आहे. दुसऱ्यावर पाय ठेवला आणि गल्लीतली सगळी कुत्री दाराशी. आमची गाणारी म्हणाली, हिरड्या दुखतात."

"नवा कपॅसिटर आहे. मुरायला वेळ लागतो," कानसेन म्हणाले.

"मुरायला ते लोणचं आहे का?" लंबूनं पेटी टेबलावर ठेवली आणि आवाज खाली आणला. "काका, राग मानू नका. बँडमधली पोरं म्हणतायत, कानसेनचे कान गेले. मी भांडलो त्यांच्याशी. म्हटलं, माझ्यासमोर करून घेतो. उद्या पहाटे बोटीवर चढायचंय, तीन महिन्यांचं काम आहे. दोन वाजता सामान न्यायला गाडी येतेय. मी इथंच बसतो."

आणि तो स्टुलावर बसला. बसल्यावरही तो कानसेनांएवढाच उंच होता.

कानसेनांनी पेटीचं तोंड खिडकीकडे केलं, मागचं झाकण काढलं, मागच्या वेळचा कपॅसिटर उपटून डबीच्या तारा जोडल्या. समोर बायको होती, देवासारखी धावून आली म्हणायची. शेंगाही होत्या. त्यांनी चार सूर वाजवले आणि बघितलं.

बायकोनं वर्तमानपत्र उघडून चेहऱ्यासमोर धरलं.

पहिला खटका: वर्तमानपत्र. तिसरा: वर्तमानपत्र. पाचवा: वर्तमानपत्राचं पान उलटलं. ही खूण होती, की नुसतं पान संपलं होतं? कानसेन परत पहिल्यावर गेले. लंबूनं दातओठ आवळले. पण तो टाचणीनं की संशयानं, हे कसं कळावं? शिवाय तो मुद्दाम काही बोलत नव्हता. परीक्षा होती ना.

"कुठला, काका?"

"थांब. तापू दे. थंड व्हॉल्व्हचा आवाज म्हणजे झोपेतून उठवलेल्या माणसाची साक्ष." आवाज बंद पण व्हॉल्व्ह पेटलेले राहतील असा एक खटका या पेट्यांना असतो, तो त्यांनी दाबला. "वीस मिनिटं. मी चहाचं बघतो."

स्वयंपाकघरात बायको शेंगांना दोरे काढत होती.

"अगं, चहा."

"फ्रिजा, चहा ओट्यावर आहे. साखर खडूची आहे, खिसून घ्यावी."

"माझं चुकलं. रिंगा मी घेतल्या."

"फ्रिजा, हे मला तिसऱ्या दिवशी कळलं असं कुणाला वाटतंय का, विचार."

कानसेन खाली पाटावर बसले. बाहेर लंबू गिटारीच्या तारा चाचपत होता. दोन वाजायला दोन तास होते आणि आठ वर्षांचं गुपित घशाशी आलं होतं.

"तुला एक सांगायचंय. मला ना, बारीक आवाज ऐकू येत नाहीत. बरीच वर्षं झाली. मी तुझ्याकडे बघून..."

"खटके ठरवता," बायको म्हणाली. या वेळी फ्रिजला नाही, त्यांना.

कानसेनांचं तोंड उघडंच राहिलं, त्या चिमणीसारखं.

"किटली शिट्टी मारत होती," ती म्हणाली. "ठणाणा. शेजारच्या वहिनी विचारायला आल्या, काय जळतंय का. आणि तुम्ही तिच्या चोचीत डोळा घालून म्हणताय, हिचा प्राण गेला. तेव्हाच कळलं मला."

"मग बोलली का नाहीस?"

"चांगली किटली होती हो माझी. तुम्ही तीनदा खोललीत. मी म्हटलं, हे स्वतःहून कधी सांगतात बघू. आठ वर्षं लागली." तिनं शेंग मोडली. "आणि मला काय वाईट होतं? दोन ते तीन माझी झोपायची वेळ. पूर्वी तुमच्या त्या गुंडांनी डोळ्याला डोळा लागू दिला नाही. मग कळलं की मी खिडकी आपटली की तुम्ही आवाज मऊ करता. आठी घातली की आणखी मऊ. पाचवा असला की दुपारी माझा डोळा लागतो."

"म्हणजे मखमल..."

"मखमल कसली? माझी झोप आहे ती. सहावा आणखी बरा होता, पण सहाव्यावर गिऱ्हाईक परत आलं असतं, एवढं मलाही कळतं."

कानसेनांना राग यावा की हसू, हे त्यांचं त्यांनाच ठरवता येईना. गावोगावचे गिटारवाले ज्या आवाजासाठी त्यांच्या पाया पडायचे, तो त्यांच्या बायकोच्या वामकुक्षीतून आला होता.

"आज एवढं कर," ते शेवटी म्हणाले. "तो बाहेर बसलाय. आज चुकलो तर नावच गेलं."

"आणि रिंगा?"

"त्या... त्याच्याच पेटीत आहेत."

बायकोनं त्यांच्याकडे असं बघितलं की खरा व्हॉल्व्ह असता तर तडकला असता. मग ती उठली, शेंगांची परात कमरेवर घेतली आणि चहाचा कप उचलून अंगण ओलांडून चालू लागली. कानसेन मागोमाग.

आठ वर्षांत ती दुरुस्तीच्या खोलीत पहिल्यांदाच शिरली असावी. लंबू धडपडत उभा राहिला आणि त्याचं डोकं लोंबत्या दिव्यावर आपटलं.

"बस बाबा. चहा घे. घरात उकडतंय म्हणून इथं बसते. मला यातलं काही कळत नाही, तुमचं चालू द्या."

ती पेटीच्या बरोबर समोर बसली. कानसेनांनी आवाज चालू केला, पायाखालचा खटका दाबून गुंडाला जागं केलं आणि चार सूर वाजवले. पहिला. तिचे खांदे कानापर्यंत गेले. दुसरा. नाक मुरडलं. तिसरा. ती थांबली. आठी नाही. चौथा. पाचवा, आणि तिची बोटं शेंगांवर सुरू झाली. कानसेनांचा जीव भांड्यात पडला. त्यांनी मान डोलवायला घेतली.

"हं. बस..."

"हे कुठं वाजवायचंय रे?" बायकोनं लंबूला विचारलं.

"बोटीवर, काकू. वरच्या डेकवर. उघड्यावर."

"वारा असेल."

"भरपूर."

"आणि माणसं खातपीत असतील. भांडी वाजत असतील."

"असतीलच."

तिनं एक शेंग उचलून निरखली, जणू सगळं त्या शेंगेबद्दलच चाललं होतं. "आमच्या अंगणात मऊ वाटतं ते उघड्यावर विरून जातं. दोरीवरच्या कपड्यांपलीकडून मी हाक मारली तर नुसती 'ओ' करून भागत नाही, जरा धार लागते. म्हणजे आपलं माझं मत. यांना जास्त कळतं."

कानसेनांनी तिच्याकडे बघितलं. तिनं तीन बोटांत धरून एक शेंग मोडली. मग आणखी एक, पुन्हा तीन बोटांत. इतकी वर्षं ते तिचा चेहरा वाचत होते, पण तिला विचारावं असं त्यांना एकदाही सुचलं नव्हतं. झोपेसाठी पाचवा निवडणाऱ्या बाईला तिसरा कुठं लागतो हेही ठाऊक होतं.

आता कानसेनांनी एक धाडस केलं. स्वतःला ज्यातलं ओ की ठो ऐकू येत नव्हतं, त्या खटक्यावर ते गेले. पाचावरून तीनवर. गिटार लंबूच्या हातात दिली. "तू वाजव. दारात उभा राहा. बोटीवर आहेस असं समज."

लंबू वाकून दाराबाहेर गेला, तार लांबवली आणि वाजवू लागला. आधी चार सूर, मग आठ, मग त्याचे डोळे मिटले आणि तो सांगूनही थांबेना. पायानं खटका दाबून सभ्य चॅनेलवर आला, पुन्हा गुंडावर गेला, पुन्हा आला. शेजारच्या वहिनी गॅलरीत आल्या. कुत्रं एकही आलं नाही. कानसेनांना यातलं अर्धंच ऐकू येत होतं. उरलेलं अर्धं ते बायकोच्या पायाकडे बघून ऐकत होते. तिची टाच ताल धरून हलत होती. ही खूण त्यांनी आठ वर्षांत कधी पाहिली नव्हती.

"काका," लंबू आत आला तेव्हा कपाळ पुसत होता. "मखमल नाहीये ही."

कानसेनांचा हात डबीच्या फिरकीकडे गेला.

"तलवार आहे. मखमलीच्या म्यानातली. हे काय केलंत?"

"जागा बघून आवाज लावायचा असतो," कानसेन म्हणाले. त्यांच्या मागून शेंग मोडल्याचा आवाज आला असावा. तो काही त्यांना ऐकू आला नाही.

त्यांनी तिसऱ्या मापाचा कपॅसिटर डकवला, झाकण लावायला घेतलं, आणि तेवढ्यात लंबूनं आत डोकावलं. "काका, व्हॉल्व्हला या पांढऱ्या रिंगा कसल्या? कुठल्या कंपनीच्या?"

"घरच्या आहेत," बायको म्हणाली. "जप. कॉफी देऊन घेतल्यात."

दोन वाजता गाडी आली. लंबूनं पेटी उचलली, कंबर आठवली, गाडीत ठेवली. कानसेन हिशेबाचा कागद शोधायला आत गेले तेवढ्यात तो बायकोजवळ वाकला. वाकून तो तिच्या कानापर्यंत आला.

"काकू, बोटीवरून आलो की पुन्हा दाखवायला आणीन. तुम्ही तेव्हा बहिणीकडे नाही ना जाणार?"

बायकोनं त्याच्याकडे बघितलं. तो गंभीर होता, फक्त मिशीचं एक टोक हलत होतं.

"फोन करून ये," ती म्हणाली.

"बँडच्या पोरांना काय सांगू?"

"सांग की कान जागेवर आहेत."

"हो. तेच सांगतो. किती पावलांवर ते सांगत नाही."

त्यानं खरंच तसंच सांगितलं असावं, कारण पुढच्या आठवड्यात चार पेट्या आल्या आणि कान गेल्याचं कुणीच बोलेना. मात्र चौघांनीही आत येण्याआधी एक चमत्कारिक प्रश्न विचारला: काकू घरी आहेत का?

कानसेनांनी बायकोला नवी किटली आणून दिली, शिट्टीची. ती वाजली की बायको ओट्यापाशी हात वर करते आणि कानसेन इकडून ओरडतात, "ऐकलं." बरण्यांच्या रिंगाही आणल्या, डझनभर, त्यातल्या सहा खोलीत ठेवायची परवानगी फ्रिजमार्फत मिळाली. खोलीत आता दोन खुर्च्या असतात. शेंगा तिथंच निवडल्या जातात आणि खटका ठरायच्या आधी गिऱ्हाइकाला विचारलं जातं, कुठं वाजवायचंय.

दारावर एक पाटी लागली आहे. अक्षर बायकोचं आहे. 'दोन ते तीन आवाज बंद. कानाला विश्रांती लागते.'

नवी गिऱ्हाइकं ती वाचून आदरानं मान हलवतात आणि पावलं न वाजवता परत फिरतात. एवढ्या मोठ्या कानाला विश्रांती लागणारच. आत कानसेन एकटेच बसून सोल्डर लावत असतात, आणि समोरची खिडकी बंद असते.